अस्सल बरहुकूम : राखीव प्रती आणि त्यांच्या राखणदार प्रणालींच्या दुरुस्तीचा इतिहास

१. विषयप्रवेश

इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यावर पोसलेला ऊस, शेजारच्या भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि आषाढवारीत देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम, यांमुळे हे नाव पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. अशा गावातील खातेदार तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याचा उतारा घेई, तेव्हा त्याच्या अखेरीस सही-शिक्क्यालगत 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' हे शब्द असत. हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्यातील विलक्षणपणा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'नक्कल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे व उतरवून घेणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यास सोंग व अनुकरण ही अर्थच्छटा आणखी मिळाली. म्हणूनच 'खरी' हे विशेषण नक्कलेच्या आधी लावणे दप्तराच्या भाषेला आवश्यक वाटले. नक्कल खरी आहे एवढे सांगून भागत नाही. ती कोणत्या अस्सलाच्या हुकुमास धरून आहे आणि तशी ग्वाही कोण देतो, हेही नोंदवावे लागते.

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून देण्यास आरंभ केला. या व्यवस्थेत अस्सल म्हणजे संगणकातील नोंद होय, आणि तलाठ्याच्या सहीचे काम गणिती स्वाक्षरी करते. परंतु संगणकातील नोंद नष्ट झाली अथवा कोणी ती कुलूपबंद केली, तर अस्सल कोणते, या प्रश्नाचे उत्तर एकच उरते : तिची राखीव प्रत. व्यवहारात हिलाच 'बॅकअप' म्हणतात. ही प्रत हाताने कोणी उतरवीत नाही. ठरलेल्या वेळी संगणकांच्या जाळ्यावरून एक सॉफ्टवेअर ती आपोआप घेते. त्या सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल, तर प्रतीची ग्वाही कोणी द्यावी?

प्रस्तुत निबंधात या राखणदार सॉफ्टवेअरच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा इतिहास थोडक्यात मांडला आहे. त्यातून एक गोष्ट दाखवावयाची आहे. प्रतीचे रक्षण करण्याचा जुना उपाय म्हणजे अस्सल आणि प्रत यांतील अंतर. जाळ्यावरील प्रतीकरणाने सोयीसाठी हे अंतर मिटविले आणि त्याची जागा कुलपांना दिली. त्यामुळे त्या कुलपांची वेळेवर दुरुस्ती ही तांत्रिक टापटीप न राहता अभिलेखांच्या अस्तित्वाची अट बनली.

२. अंतराचा न्याय

पेशवाईतील महसुली लेखनाची रचना या दृष्टीने बोधप्रद आहे. गावचा हिशेब कुलकर्णी ठेवी, परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवी, आणि पुण्याच्या हुजूर दफ्तरात त्या सर्वांचे संकलन होई. हे तीन लेख म्हणजे एकमेकांच्या तंतोतंत प्रती नव्हेत. प्रत्येकाचा हेतू आणि तपशील वेगळा. तरीही एका ठिकाणचा कागद हरवला वा बदलला गेला, तर दुसऱ्या ठिकाणच्या कागदावरून त्याची पारख करता येई. तिन्ही ठिकाणची माणसे वेगळी आणि त्यांचे हितसंबंधही वेगळे. एका माणसाला फितवून तिन्ही दप्तरे बदलणे शक्य नव्हते.

वाङ्मयाच्या क्षेत्रातही हाच न्याय दिसतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी गाथेच्या पाठचिकित्सेचा इतिहास स्वतंत्रपणे बोलका आहे. मुंबई सरकारच्या आश्रयाने इ. स. १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेली गाथा सिद्ध करताना संपादकांना देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहता आल्या. त्या वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या गावी आणि वेगवेगळ्या लेखकांच्या हातांनी टिकल्या होत्या. पाठभेद हा या पद्धतीचा दोष खरा. परंतु एका घराला लागलेली आग चार गावांपर्यंत पोहोचत नाही, हा तिचा गुण त्या दोषाहून मोठा आहे.

या जुन्या व्यवस्थेचा उगाच गौरव करण्याचे कारण नाही. कसर, वाळवी, पाऊस आणि निष्काळजीपणा यांनी असंख्य कागद नाहीसे केले. येथे मुद्दा एवढाच की प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांच्या परस्पर-स्वातंत्र्याने रक्षण होते. दहा प्रती एकाच पेटीत ठेवल्या, तर रक्षणाच्या दृष्टीने ती एकच प्रत होय.

३. फितीकडून जाळ्याकडे

संगणकाच्या पहिल्या काही दशकांत हे अंतर आपोआपच राखले गेले. १९५१ साली युनिव्हॅक या संगणकाबरोबर चुंबकीय फीत व्यापारी वापरात आली. फितीवर नोंदी उतरवावयाच्या, रीळ काढून कपाटात ठेवावयाचे, आणि शक्य तर दुसऱ्या इमारतीत पाठवावयाचे, अशी रीत पडली. युनिक्स प्रणालीतील 'टार' ही आज्ञा १९७९ च्या आवृत्तीत आली. तिचे नावच फितीवरील संग्रह या अर्थाच्या शब्दांवरून बनलेले आहे. कपाटातील रिळाला विजेची जोडणी नसते. त्यापर्यंत पोहोचावयाचे तर कोणी तरी पायांनी चालत जावे लागते. या ओबडधोबड गोष्टीत केवढे संरक्षण होते, हे ती नाहीशी झाल्यावरच कळून आले.

संस्थांत संगणकांची संख्या वाढली, तेव्हा प्रत्येक यंत्रापाशी जाऊन फीत लावणे अशक्य झाले. १९८७ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीने कंट्रोल डेटा या कंपनीकडून अनेक यंत्रांच्या प्रती एकत्र घेणारे सॉफ्टवेअर लिहवून घेतले. पुढे ते ओपनव्हिजन या कंपनीकडे गेले आणि 'नेटबॅकअप' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९७ साली ओपनव्हिजन व्हेरिटास कंपनीत विलीन झाली. १९९९ मध्ये व्हेरिटासने सीगेट सॉफ्टवेअरचा संबंधित विभाग घेतला आणि त्याबरोबर 'बॅकअप एक्झेक' हे दुसरे प्रसिद्ध सॉफ्टवेअर तिच्याकडे आले. २००५ मध्ये ही कंपनी सिमँटेकमध्ये मिसळली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नेटबॅकअपसह तिचा मोठा भाग कोहेसिटी या कंपनीशी जोडला गेला.

या इतिहासात पुण्याचे स्थान गौण नाही. व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, आणि साठवण व प्रतीकरण या विषयांत पारंगत अशा अभियंत्यांची एक पिढी त्यामुळे या शहरात तयार झाली. २००८ साली पुण्यात स्थापन झालेल्या द्रुवा या कंपनीचे संस्थापक जसप्रीत सिंग व मिलिंद बोराटे हे पूर्वी व्हेरिटासमध्ये होते. रमणी कोथंडरामन हे तिसरे संस्थापक. म्हणजे ज्या शहरात हुजूर दफ्तराचे रुमाल आजही जपले जातात, त्याच शहरात जगभरच्या कचेऱ्यांच्या प्रती घेणारी साधने घडत होती.

अशा सॉफ्टवेअरची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. मध्यभागी एक सर्व्हर असतो. ज्या ज्या यंत्राची प्रत घ्यावयाची, त्या प्रत्येकावर त्या सर्व्हरचा एक प्रतिनिधी, म्हणजे 'एजंट', बसविलेला असतो. तो एका ठरावीक क्रमांकाच्या दारावर, 'पोर्ट'वर, हाक येण्याची वाट पाहत रात्रंदिवस जागा असतो. हाक आली की तो यंत्रावरील फाइली वाचून सर्व्हरकडे पाठवितो. नष्ट झालेली फाइल परत बसवावयाची असल्यास तीही तोच लिहितो. यंत्रावरील कोणतीही फाइल वाचता-लिहिता यावी, यासाठी त्याला सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. सर्व्हरवर सर्व प्रतींची सूची आणि पुष्कळदा सर्व यंत्रांचे परवलीचे शब्द असतात.

गावातील प्रत्येक घराची किल्ली एकाच राखणदाराच्या जुडग्यात ठेवण्यासारखी ही व्यवस्था आहे. तो दक्ष असेल तोवर यासारखी सोय नाही. परंतु जुडगा एकदा परक्याच्या हाती गेला की प्रत्येक कुलूप व्यर्थ होते. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण ज्या प्रसंगासाठी मराठीने घडविली, तो प्रसंग येथे शब्दशः संभवतो.

४. ठिगळ आणि दुरुस्ती

सॉफ्टवेअरमधील दोष काढणाऱ्या छोट्या दुरुस्तीस 'पॅच' म्हणतात. इंग्रजीतील या शब्दाचा अर्थ ठिगळ असा असून तो आरंभी अक्षरशः खरा होता. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर जेव्हा आज्ञावली लिहिली जाई, तेव्हा चुकीच्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवून चूक सुधारीत. मराठीत 'ठिगळ' या शब्दाला दारिद्र्याची छटा आहे, 'दुरुस्ती' हा शब्द वस्तू पूर्ववत होण्याचा भाव देतो, तर अलीकडे रूढ झालेला 'अद्ययावत करणे' हा प्रयोग नवेपणा सुचवितो. कचेरीतील माणूस यांपैकी कोणता शब्द वापरतो, यावरून तो या कामाकडे कसे पाहतो हे बरेचसे उमगते. 'अद्ययावत' म्हटले की ते काम पुढे ढकलण्याजोगे वाटते. जुने असले तरी चालते आहे, असे वाटते. 'भोक बुजविणे' म्हटले असते, तर तसे वाटले नसते.

दोषांची वार्ता सर्वांना वेळेवर देण्याची यंत्रणा २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस या किड्यानंतर उभी राहिली. त्याच महिन्यात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींच्या समन्वयाचे पहिले केंद्र स्थापन झाले. १९९९ पासून प्रत्येक ज्ञात दोषाला एकच क्रमांक देणारी 'सीव्हीई' ही सूची सुरू झाली. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. भारतात 'सर्ट-इन' ही शासकीय संस्था जानेवारी २००४ पासून हे काम पाहते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार गंभीर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक झाले.

प्रतीकरणाच्या सॉफ्टवेअरपुरते पाहिले, तर २००५ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षीच्या जूनमध्ये बॅकअप एक्झेकच्या एजंटमधील एक दोष उघड झाला. ओळख पटविताना परवलीचा शब्द म्हणून अपेक्षेपेक्षा फार लांब मजकूर पाठविला, तर तो स्मरणकोशातील नेमून दिलेली जागा ओलांडून पुढे पसरे, आणि त्यायोगे पाठविणाऱ्याला त्या यंत्रावर वाटेल ती आज्ञा चालविता येई. दुरुस्ती निघाली, परंतु ती सर्वत्र बसण्यापूर्वीच हल्ले सुरू झाल्याचा इशारा अमेरिकी शासनाच्या यंत्रणेस त्याच महिन्यात द्यावा लागला. ऑगस्टमध्ये दुसरा दोष निघाला, आणि तो अधिक लाजिरवाणा होता. सर्व्हर व एजंट यांच्यातील ओळखीसाठी निर्मात्यांनी एक कायमचा परवलीचा शब्द आज्ञावलीतच कोरून ठेवला होता. तो कळला की कोणालाही त्या यंत्रावरील फाइली वाचता-लिहिता येत. प्रत्येक घराचे कुलूप वेगळे दिसत होते. किल्ली मात्र एकच होती.

दुरुस्ती अपुरी राहण्याचा प्रकारही नोंदविण्याजोगा आहे. द्रुवाच्या 'इनसिंक' या सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीत असा दोष आढळला की त्या यंत्रावर साधा प्रवेश असलेला मनुष्य एजंटकडून सर्वोच्च अधिकाराच्या आज्ञा चालवून घेऊ शके. यावर असा उपाय योजण्यात आला की आज्ञेचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरू होत असेल, तरच ती मानावी. परंतु पत्त्याचा आरंभ योग्य ठेवून पुढे 'एक पायरी वर जा' असे सांगणारी चिन्हे घातली की हे बंधन चुकविता येई. हा दुसरा दोष २०२० मध्ये स्वतंत्र क्रमांकाने नोंदला गेला आणि त्याचीही दुरुस्ती झाली. वाटसरूने पहिले गाव बरोबर सांगितले म्हणून त्याचे मुक्कामाचे गाव तपासलेच नाही, अशी ही चूक होती. अशा त्रुटी उघडपणे नोंदल्या जातात आणि पुनःपुन्हा सुधारल्या जातात, हे या व्यवसायाच्या प्रकृतीचे लक्षण मानावयास हवे. ज्या सॉफ्टवेअरच्या नावावर एकही दोष नोंदलेला नाही, ते बहुधा कोणी तपासलेलेच नसते.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. मार्च २०२१ मध्ये व्हेरिटासने बॅकअप एक्झेकमधील तीन दोषांची दुरुस्ती प्रसिद्ध केली. दोषांचे मूळ असे की एजंटची ओळख पटविण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक जुनी पद्धत नव्या आवृत्तींत वापरात उरली नव्हती, पण ती बंदही केलेली नव्हती. वहिवाट मोडलेली वाट कोणी बुजविली नाही, एवढेच. दीड वर्षानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये, या दोषांचा उपयोग करून दाखविणारी आज्ञावली मेटास्प्लॉइट या सर्वांना खुल्या असलेल्या साधनात आली. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी मँडियंट या संस्थेच्या पाहणीत त्यांचा प्रत्यक्ष दुरुपयोग प्रथम आढळला. तो करणारी टोळी खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या 'ब्लॅककॅट' या गटाशी संबंधित होती. एप्रिल २०२३ मध्ये मँडियंटने हे प्रसिद्ध केले, तेव्हा इंटरनेटवरून दिसू शकणाऱ्या अशा प्रणालींची संख्या तिने ८,५०० हून अधिक नोंदविली होती. त्या सर्वच सदोष होत्या असे नव्हे. परंतु दुरुस्ती उपलब्ध झाल्यापासून पहिल्या नोंदलेल्या हल्ल्यापर्यंत जवळजवळ २० महिने गेले होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. हल्लेखोरांना काहीही नवे शोधावे लागले नाही. निर्मात्यांनी भोक दाखविले होते, बुजविण्याचे साहित्यही दिले होते. ते वापरले गेले नाही.

५. महाराष्ट्रातील दोन प्रसंग

ही चर्चा परक्या भूमीवरील नाही, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते.

पहिली २०१७ सालची. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती दिली. ती ज्यांनी बसविली नाही, त्यांना १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने गाठले. त्यानंतर २७ जून रोजी 'नॉटपेट्या' हा त्याहून विध्वंसक प्रकार पसरला आणि मर्स्क या नौवहन कंपनीची यंत्रणा जगभर बंद पडली. तिच्याच समूहातील एपीएम टर्मिनल्सकडून चालविले जाणारे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही त्यात सापडले आणि कंटेनरांचे काम हाती करण्याची वेळ आली. मर्स्कने पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. हानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला गेला.

या घटनेतील एक तपशील राखीव प्रतींच्या इतिहासात कायमचा नोंदविला जाईल. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही सुमारे दीडशे सर्व्हरांवर होती आणि ते सर्व एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक बिघडला तर दुसरा आहे, असा त्यामागील हिशेब. प्रत्यक्षात सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो केवळ घानामधील एक सर्व्हर, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. कपाटातील रिळाला मिळणारे संरक्षण येथे खंडित विजेने दिले. दहा प्रती एका पेटीत ठेवल्या तर ती एकच प्रत, हा आधी सांगितलेला न्याय दीडशे प्रतींनाही तितकाच लागू पडला.

दुसरी घटना २१ मार्च २०२१ ची. त्या रविवारी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या प्रणाली बंद पडल्या. त्यांवर 'सिनॅक' या खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. महामंडळाची काही कामे नाशिकच्या ईएसडीएस कंपनीच्या क्लाउडवर होती, काही स्वतःच्या सर्व्हरांवर. प्रसार थांबविण्यासाठी सर्व यंत्रे जाळ्यापासून तोडण्यात आली. महामंडळाने आपल्या निवेदनात सांगितले की विविध सर्व्हरांच्या राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या विभागात, आपत्तीनंतरच्या पुनर्स्थापनेसाठी राखलेल्या ठिकाणी होत्या आणि त्यांना बाधा पोहोचली नव्हती. औद्योगिक भूखंडांचे वाटप, परवानग्या आणि देयके यांच्या नोंदी ज्या संस्थेकडे असतात, तिच्या बाबतीत या एका वाक्याचे मोल केवढे, हे सांगावयास नको.

दोन्ही घटना एकत्र ठेवल्या म्हणजे असे दिसते की मर्स्कच्या प्रती परस्परांशी जोडलेल्या असल्याने गेल्या, महामंडळाच्या प्रती वेगळ्या असल्याने राहिल्या. पण घानातील विलगता योगायोगाची होती, महामंडळातील योजनेची. इतिहासकाराने हा भेद विसरता कामा नये, कारण योगायोगावर दप्तर चालविता येत नाही.

६. विलंबाची कारणे

दुरुस्ती मिळूनही ती का बसत नाही, याचे उत्तर केवळ आळस असे देणे अन्यायाचे होईल. प्रतीकरणाचे काम बहुधा रात्री चालते आणि दुरुस्तीसाठी यंत्र बंद करण्याची सवडही रात्रीचीच असते. दोन्हींचा एकाच वेळेवर दावा पडतो. सर्व्हरवर दुरुस्ती बसविली, तरी शेकडो यंत्रांवरील एजंट स्वतंत्रपणे बदलावे लागतात. जुन्या आवृत्तीचा देखभाल-करार संपलेला असला, तर नवी आवृत्ती घेण्यास खर्चाची मंजुरी लागते. शिवाय एक मानसिक कारण आहे. ज्या सॉफ्टवेअरचा उपयोग आपत्ती आल्यावरच कळतो, ते आपत्ती नसताना कोणाच्याच लक्षात राहत नाही. वेतनपत्रक तयार झाले नाही तर त्याच दिवशी ओरड होते. राखीव प्रतीचा एजंट दोन वर्षे जुना असला, तर कोणाचेही काम अडत नाही.

दुरुस्तीविषयी साशंक असणाऱ्यांच्या बाजूनेही एक प्रबळ युक्तिवाद आहे आणि तो टाळता येत नाही. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधील 'एम. ई. डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीतूनच. हल्लेखोरांनी तिच्या वितरणाची यंत्रणा काबीज केली होती. म्हणजे ज्यांनी तत्परतेने ती दुरुस्ती घेतली, तेच प्रथम बाधित झाले. मग दुरुस्ती घ्यावी की न घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर महसुली दप्तराने फार पूर्वी आपल्या पद्धतीने दिले आहे. हक्कात बदल झाला की तो थेट सातबाऱ्यावर लिहीत नाहीत. आधी फेरफाराच्या नोंदवहीत त्याची नोंद होते, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतर बदल अंमलात येतो. बदलाला मनाई नाही. पण त्याचे उगमस्थान, तारीख आणि प्रमाणित करणारा हात ही तिन्ही कागदावर राहतात. सुरक्षा-दुरुस्तीलाही हीच शिस्त लागू पडते. तिच्यावरील निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी तपासावी, ती आधी एका बाजूच्या यंत्रावर बसवून पाहावी, त्यानंतर सर्वत्र बसवावी आणि केव्हा, कोणी, कोणत्या यंत्रावर बसविली हे नोंदवहीत लिहावे. मात्र फेरफार वर्षानुवर्षे पडून राहिला की तंटे वाढतात, हाही गावोगावचा अनुभव आहे. चौकशी हवी, चौकशीच्या नावाखाली दिरंगाई नको.

७. अभ्यासकांचा संबंध

हा विषय संगणकशास्त्राच्या विभागाकडे सोपवून मोकळे होण्याची प्रवृत्ती मानव्यविद्यांच्या अभ्यासकांत आढळते. ब्रिटिश लायब्ररीवरील आपत्तीनंतर ती समर्थनीय राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस 'रिसिडा' या टोळीने त्या ग्रंथालयाच्या यंत्रणेवर हल्ला केला आणि पुढे सुमारे ६०० गिगाबाइट मजकूर उघड केला. मुख्य सूची शोधण्याजोग्या, पण मर्यादित स्वरूपात परत येण्यास १५ जानेवारी २०२४ उजाडला. ग्रंथालयाने मार्च २०२४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे की डिजिटल संग्रहांच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या. परंतु त्या परत बसविण्याजोगी यंत्रणाच शिल्लक नव्हती. जुनी सॉफ्टवेअरे नव्या, सुरक्षित यंत्रांवर चालेनात. म्हणजे प्रत राहिली, पण ती वाचता येईल अशी जागा राहिली नाही. जुन्या व्यवस्थांची दुरुस्ती लांबणीवर टाकल्याचे व्याज येथे एकदम वसूल झाले. मोडी लिपी विसरलेल्या घरात वडिलोपार्जित रुमाल सापडावा, तशी ही अवस्था होती; फरक इतकाच की मोडी पुन्हा शिकता येते.

महाराष्ट्रातील संशोधन-संस्था आणि विद्यापीठीय विभाग आपापल्या पोथ्या, मोडी कागद आणि बोलींचे ध्वनिमुद्रण यांचे डिजिटल संग्रह करीत आहेत. बोलींच्या ध्वनिमुद्रणांत बोलणाऱ्या कित्येक व्यक्ती आज हयात नाहीत. त्या मुद्रणांना दुसरे अस्सल नाही. अशा संग्रहाविषयी तीन प्रश्न विचारता येतात आणि त्यांसाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. एक प्रत तरी जाळ्यापासून तुटलेली आहे काय? प्रत घेणाऱ्या सॉफ्टवेअरला शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस बसली आणि ते कोठे लिहिलेले आहे? आणि प्रतीवरून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून अस्सलाशी शेवटची कधी ताडून पाहिली? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. वास्तविक पाठ ताडून पाहणे हे भाषा व इतिहास यांच्या अभ्यासकांचे नित्याचे काम. ज्यांनी देहू आणि पंढरपूर येथील पोथ्यांतील एकेका मात्रेचा भेद टिपला, त्यांच्याच परंपरेतील विद्यार्थ्यांना हे कठीण वाटू नये.

अखेरीस एका साधनाविषयी. दुरुस्त्यांच्या नोंदवहीला सहसा कोणी अभिलेख मानीत नाही. परंतु उद्या एखाद्या शासकीय नोंदीविषयी वाद उत्पन्न झाला आणि राखीव प्रतीवरून ती नोंद परत आणली गेली, तर प्रत घेतली त्या दिवशी राखणदार प्रणाली निर्दोष होती की नव्हती, हे केवळ त्या नोंदवहीवरूनच सांगता येईल. सणसरच्या खातेदाराने तो सर्व्हर कधी पाहिलेला नसतो आणि पाहण्याचे त्याला कारणही नाही. त्याच्या उताऱ्यावर जी गणिती स्वाक्षरी असते, ती नक्कल अस्सलाप्रमाणे असल्याचे सांगते. अस्सल स्वतः अबाधित राहिले काय, हे ती सांगू शकत नाही. ती ग्वाही दुरुस्तीच्या नोंदवहीतील तारखांत आहे. म्हणून संग्रहाबरोबर ती नोंदवहीही जतन करणे आणि तिची एक प्रत कागदावर काढून सही-तारखेनिशी दप्तरात ठेवणे, हे प्रत्येक विभागास आजच, अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे.